आठव्या माळेचा दिवा

प्रणवने लाइटची लाइन बंद केली, स्टुलावर चढून छताजवळच्या खोक्याचं झाकण काढलं आणि न्यूट्रलच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या काळ्या वायरीला वीज मोजायच्या मीटरचा चिमटा लावला. लाइन बंद, म्हणजे आकडा शून्य यायला हवा.

२.१

खालून स्टूल धरून उभ्या असलेल्या वडिलांना त्याने विचारलं, इथे कुणाला हात लावू दिला होता का.

"नाही," पद्मनाभ म्हणाले. जरा पटकनच म्हणाले.

आठवडाभर दिवे लुकलुकत होते. लायसन्सवाला माणूस बोलव, असं प्रणवला त्याच्या बायकोने, अपूर्वाने, नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलमधून दोनदा बजावलं होतं. सातवा महिना, पलंगावरून उतरायची तिला मनाई. पण युनिव्हर्सिटीत विजेवरच संशोधन करणाऱ्या प्रणवला घरातल्या चार वायरींसाठी दुसरा कोण लागणार? फ्रिज चालू राहावा म्हणून स्वयंपाकघराची लाइन तेवढी त्याने बंद केली नव्हती.

त्याच लाइनवर.

आतल्या खोलीत.

बंद देव्हाऱ्यात, विजेचा नंदादीप.

घरात ज्योत नको, हे पद्मनाभ आले त्याच दिवशी प्रणवने सांगितलं होतं. बरं, विजेचा तर विजेचा. पण लाइटची लाइन सारखी ट्रिप व्हायची, आणि नवरात्राचे नऊ दिवस दिवा विझता कामा नये. सुनेसाठी, तिच्या पोटातल्या जिवासाठी पद्मनाभांनी तसं देवीला बोलून ठेवलं होतं. म्हणून प्रणव कामावर गेल्यावर, वरच्या फ्लॅटमध्ये रिनोव्हेशन करणाऱ्या माणसाला त्यांनी गुपचूप खाली आणलं. त्याने दिव्याची एक वायर स्वयंपाकघरातून घेतली, दुसरी, परतीची, या खोक्यात काळ्या वायरीला जोडली.

या खोक्यात. दिवा चालू असताना ती काळी वायर सोडवायची नाही, झटका बसेल, असं तो बजावून गेला होता.

स्टुलावर प्रणव पुटपुटत होता. मीटरच बिघडलंय, वायर सोडवूनच बघतो. त्याने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला.

पद्मनाभांनी स्टूल सोडलं. आत जाऊन देव्हाऱ्याचं दार उघडलं. आठवी माळ अजून ताजी होती. बोट स्विचवर टेकलं आणि तिथेच राहिलं.

बाहेर स्क्रू करकरला.

त्यांनी दिवा विझवला. हात जोडायचे राहून गेले.

"आता बघ," बाहेर येऊन ते म्हणाले.

प्रणवने मीटर पाहिलं. मग वडिलांकडे पाहिलं.

२.१

"तेवढाच आहे. पण बाबा, आता बदलेल असं तुम्हाला का वाटलं?"

पद्मनाभ आकड्याकडे बघत राहिले. दिव्याचा नव्हता, मग कुणाचा? त्या माणसाने बदल्यात काही घेतलं नव्हतं. खोकं उघडलंच आहे तर इथूनच एक वायर वरच्या फ्लॅटला नेतो, एवढंच म्हणाला होता. आणि पद्मनाभ चहा टाकायला वळले होते.

वरच्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशिन घरघरलं.

५.८

"प्रणव, हात काढ. आधी हात काढ, मग सांगतो."

प्रणवला ऐकू आलं. पण तो त्यांच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होता, आणि स्क्रूतून सुटत आलेली वायर त्याच्या दोन बोटांत होती.