हाक न मारण्याचा नियम

खाडीवर लोकांना पक्षी दाखवायला न्यायचं, तर नियम एकच: ओहोटीच्या चिखलात उतरलं की तोंडाला कुलूप. नियम बाबांचा. तीस वर्षं या फेऱ्या त्यांनीच काढल्या. आता लेक काढायची, आणि बाबा कुरकुरत्या गुडघ्यांनी सगळ्यांच्या मागून चालायचे. कोणी मागे राहू नये म्हणून शेवटी जाणता माणूस हवाच, असं त्यांचं म्हणणं.

पावसाळा सरत आला होता. त्या सकाळी उत्तरेकडून चिखल्या पक्ष्यांचा पहिला थवा उतरला होता. दुर्बिणी लावलेल्या आठही पाहुण्यांचं भान हरपलं, आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे लेकीचंही. घड्याळ पाहिलं तेव्हा भरती लागून वीस मिनिटं झाली होती. तिने हातानेच खूण केली. लव्हाळ्यांना वळसा घालून सगळे मुकाट्याने बांधावर आले.

तिने माणसं मोजली. आठ. मागे बाबा नव्हते.

लव्हाळ्यांपलीकडचं काही दिसत नव्हतं, आणि पाणी जराही आवाज न करता आत शिरत होतं. काही झालं असतं तर त्यांनी हाक मारली असती, अशी बरोबरच्या डॉक्टरीणबाईंनी समजूत घातली. त्याने तर तिचा धीरच सुटला. बाबांना ती ओळखत होती. समोर पक्षी बसलेले असताना ते जीव गेला तरी ओरडणार नव्हते.

ती परत चिखलात धावली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "बाबा!"

थवा भर्रकन उडाला. आकाश रिकामं झालं, आणि मग लव्हाळ्यांमागून आवाज आला, "इकडे."

सगळे पुढे जाईपर्यंत थांबायचं म्हणून ते थांबले होते, आणि थांबल्या जागीच मांडीपर्यंत रुतले होते. पाणी कमरेला लागलं होतं. दुर्बिणीची तिकाटी आडवी टाकून, तिने आणि डॉक्टरीणबाईंनी ओढून ओढून त्यांना बाहेर काढलं.

"हाक का नाही मारलीत?" तिला रडू आवरेना.

"मारणारच होतो," बाबा म्हणाले. "ते उडायची वाट बघत होतो."

बोलले अगदी शांतपणे. पण तिचं मनगट त्यांनी घर येईपर्यंत सोडलं नाही.