ऑस्बर्टचा पाय

बेटावरच्या गुयाव या कोळ्यांच्या गावात दवाखान्यातल्या वर्लिन सिस्टरला न ओळखणारं घर नव्हतं. एकोणीस वर्षं ती साखरेच्या आजारानं चिघळलेल्या जखमा धूत होती. आज कुणाचा अंगठा, उद्या कुणाचं पाऊल, असं अख्खं गाव थोडंथोडं कापलं जाताना तिनं पाहिलं होतं. "अनवाणी फिरू नका, रोज तळवे बघा," हे ती झोपेतही बडबडते, असं तिचा थोरला भाऊ ऑस्बर्ट चिडवायचा.

ऑस्बर्ट होडी घेऊन कुपा मासा धरायला जायचा. साखर त्यालाही होती. आईला होती, दोन्ही मामांना होती. आठवण झाली तर तो गोळी घ्यायचा.

मार्चमधल्या एका रविवारी ती त्याच्याकडे जेवायला गेली. दार उघडताच तिला सडत्या जखमेचा ओळखीचा वास आला.

"दादा, बूट काढ."

"आधी जेव तर. नीरफणस निवतोय."

"काढ म्हणते ना!"

मोजा कातडीला चिकटला होता. करंगळीखाली काळं भोक, आत गळाचं मोडकं टोक. तीन आठवडे तो त्यावरच चालत होता.

"दुखलंच नाही गं. दुखलं असतं तर सांगितलं नसतं का?"

"नसतं सांगितलंस."

"नसतं," तो ओशाळून हसला. "तू लगेच कापायला नेलं असतंस."

तिनं नेलंच. गुडघ्याखालून पाय गेला. घरी आल्यावर ऑस्बर्टनं होडी चुलतभावाला देऊन टाकली आणि खुर्ची समुद्राकडे पाठ करून मांडली. "सिस्टरच्या सख्ख्या भावाची ही गत," दुकानात बायका हळहळायच्या. त्यात खोच नव्हती, म्हणूनच ते जास्त लागायचं. गावभरचे तळवे तिनं उलटून बघितले, पण या एका माणसाला बूट काढायला सांगायचं तिला एकोणीस वर्षांत सुचलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये दुसऱ्या टाचेला फोड आला. तो काळा पडला तेव्हा तिनं इस्पितळाची गाडी बोलावली. ऑस्बर्टनं पलंगाची दांडी घट्ट धरली.

"एक दिला तुला. दुसरा मागू नकोस."

"मरशील रे!"

"मग अख्खा मरू दे. उरलाय तेवढा तरी."

ड्रायव्हर अर्धा तास थांबून निघून गेला. वर्लिन दिवसातून दोनदा जखम धूत राहिली. चौथ्या दिवशी ताप चढला, सहाव्या दिवशी दुपारी तो गेला.

पुढच्या सोमवारी ती दवाखान्यात कामावर आली. समोर शर्मेन बसली होती, बेकरीत काम करणारी, सव्वीस वर्षांची. बोटातून रक्ताचा थेंब काढला, यंत्रावर आकडा आला.

"सिस्टर, जास्त आहे का हो?"

वर्लिननं बोलायला तोंड उघडलं. तळवे, बूट, गोळ्या, सगळं पाठ होतं.  मुलगी वाट बघत होती.

"आहे," ती शेवटी म्हणाली. कार्डावर आकडा लिहिला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.