काचेच्या पेटीतला पाय

या बाळांनो, थोडे जवळ सरका आणि चित्त इकडे द्या. दिसायला मी ओबडधोबड असलो, तरी माझ्यापाशी एका भल्या माणसाची कथा आहे. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पाय आहे. डावा, गुडघ्याखालचा. इस्पितळामागच्या छोट्या कारखान्यात एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं. तासता तासता तो देवाचं नाव घ्यायचा. म्हणायचा, घडवणारा तो वरचा, मी आपला डागडुजी करणारा.

मी ज्यांच्या वाट्याला आलो, ते सैन्यात ट्रक चालवत. एकदा चाक सुरुंगावर गेलं आणि ट्रकबरोबर त्यांचा पायही गेला. सगळे त्यांना फौजीदादा म्हणत. रोज सकाळी ते दोन्ही पायांत मोजे चढवायचे. त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या वहिनींना, याचं फार हसू यायचं. लाकडाला कधी थंडी वाजते का, असं त्या विचारायच्या. दादा म्हणायचे, पलटणीत भेदभाव नसतो. किती अभिमान वाटायचा मला! बाजार, जिने, चिखल, सगळीकडे मी त्यांना नेलं आणि सुखरूप परत आणलं.

पण एक दिवस नगरपालिकेने त्या कारखान्याला कुलूप ठोकलं. म्हातारा कारागीर दूर लेकीकडे निघून गेला. नेमका त्याच वेळी पायऱ्यांच्या गल्लीतल्या शिलाईमावशींचा लाकडी पाय व्हायचा होता, तो राहिला. एका पायाने मशीन चालवून मावशी घर ओढत होत्या. त्यांच्यासाठी दादांनी नगरपालिकेचे उंबरे झिजवले. तिथला साहेब चहा फुंकत म्हणाला, "एवढं वाटतं तर निवडून या, आणि काढा तुम्हीच कुलूप."

साहेब थट्टेने बोलला. दादांनी ते मनावर घेतलं.

अर्ज भरला त्या दिवशी आम्ही दोघं सगळ्या पायऱ्या चढून मावशींकडे गेलो. मावशी म्हणाल्या, मतं मागणारा कुणी इथवर चढत नाही, खालूनच हात हलवून जातात. दादांनी शब्द दिला की प्रचाराला मी वर येईन, दारोदार.

पहिल्या सभेत मात्र दादांची जीभ अडली. सैनिकाला हुकूम पाळता येतो, मागणं कुठून येणार? लोक चुळबुळ करू लागले. तेव्हा प्रचार सांभाळणारा त्यांचा पुतण्या कानाशी लागला. दादांनी वाकून माझे पट्टे सोडले आणि मला उंच धरलं. एका आजींनी मला हात लावून तो कपाळाला लावला. मग काय, मी या हातातून त्या हातात फिरू लागलो. कुणी रडलं, कुणी फुलं वाहिली. आणि मी वेडा जमीन शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने काचेची पेटी आणली. म्हणाला, "काका, निवडणुकीपुरत्या कुबड्या घ्या. लोक तुमच्यापेक्षा याला बघायला येताहेत."

"देवाला देव्हारा शोभतो," वहिनी म्हणाल्या. "पायाला जमीन लागते."

दादांनी मला पेटीत ठेवलं. मग म्हणाले, कुलूप काढायचं तर एवढं सोसायला हवं. चुकलं ते इथेच.

मला जीप मिळाली, दिवे मिळाले. दादा शेजारी कुबड्या सावरत बसायचे. होता होता पायऱ्यांच्या गल्लीचा दिवस उजाडला. दादा कुबड्यांवर चढू लागले, पण शेवाळावर कुबडी सटकली आणि त्यांना उचलून पुन्हा जीपमध्ये बसवावं लागलं. पुतण्याने भोंग्यावरून पुकारलं की खाली या, पायाचं दर्शन घ्या.

मोजकीच माणसं आली. शेवटी भिंत धरत, मध्येच टेकत शिलाईमावशी उतरल्या. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग दादांकडे.

"पाय इथे पेटीत. मग दादा, तुम्ही चालता कशावर?"

दादांनी मान खाली घातली. मला ओरडून सांगावंसं वाटलं की मला बाहेर काढा, मी यांना वर नेतो. पण लाकडाला तोंड कुठलं?

थोडक्या मतांनी दादा हरले. बाकी गल्ल्यांनी भरभरून दिलं, पायऱ्यांच्या गल्लीने नाही. त्यांचा राग नव्हता हो. न चढणाऱ्याला तिथे कधीच मत पडत नाही, एवढंच.

घरी आल्यावर दादांनी मला पेटीतून काढलं. पण इतक्या दिवसांत त्यांच्या डाव्या पायाचा उरलेला भाग सुजून जाड झाला होता, आणि माझं चामडं वाळून कडक. ते रेटत राहिले, घाम पुसत राहिले. मी जीव एकवटून रुंद व्हायला पाहिलं. मला आतून सुताएवढं कोरायचं काम, कारागिराने हसत केलं असतं. शेवटी दादांनी मला हलकेच खाली ठेवलं.

आता मी कपाटावर असतो. कारखान्याचं कुलूप तसंच आहे.

मित्रांनो, कामाच्या वस्तूला आणि कामाच्या माणसाला डोक्यावर घेऊन नाचू नका. त्यांना काम करू द्या, दुखलंखुपलं बघा. आणि आज निजण्याआधी देवाशी बोलाल, तेव्हा पायऱ्यांच्या गल्लीतल्या शिलाईमावशींची आठवण करा. त्यांचं माप घेऊन झालेलं आहे.