मयतासाठी भरलेला पेटारा

खरं सांगतो मित्रांनो, हे मी सांगणारच नव्हतो. दोनदा सुरुवात केली आणि दोनदा झाकण मिटून गप्प बसलो. म्हटलं, घरातली गोष्ट आहे, घरातच राहू दे. पण राग जिरेना. वाळवीसारखा आतून कुरतडायला लागला. म्हणून सांगतो, जमेल तसं.

मी एक जुना पेटारा आहे. पाईनच्या फळ्या, वर ठोकलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, पुढच्या बाजूला हिरवा आणि लाल रंग. किर्गिझस्तानातल्या नारिन शहरातल्या एका सुताराने मला बनवलं. त्याचा एक अंगठा अर्धा होता. माझी डावी बाजू उजवीपेक्षा बोटभर बुटकी निघाली, तेव्हा तो म्हणाला, "नवरीच्या बापाला कळायचं नाही." कळलं होतं. त्या बापाने त्यापायी मेंढीऐवजी कोकरू देऊन मला घेतलं.

नवरीचं नाव बुरूलकान. लग्नानंतर मी तिच्याबरोबर आत-बाशीकडच्या गावात आलो, ट्रकच्या मागे बसून. दारासमोरच्या भिंतीला मानाची जागा मिळाली. माझ्यावर गोधड्यांची थप्पी. आल्यागेल्या बायका माझ्या पत्र्यावर टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "सून चांगल्या घरची दिसतेय." मी फुगून जायचो. तेव्हा माझ्या पोटात काय नव्हतं! पोरांची झबली, नवऱ्याचा लग्नातला कोट, पाहुण्यांसाठी लपवलेली खडीसाखर. दोन पोरं झाली, कुबानिच आणि सागिन. दोघंही साखर चोरायची. मी कधी चुगली केली नाही.

मग एका हिवाळ्यात तिचा नवरा गेला. अंगणात तंबू उभा राहिला, घोडा कापला. आमच्याकडे मयताला आलेल्या बायकांना कापडाचा तुकडा, रुमाल असं काही ना काही द्यावं लागतं. तीन दिवसांत मी रिकामा झालो. शेवटी एक बाई आत वाकून बघत म्हणाली, "एवढंच?"

बुरूलकानने ते ऐकलं. दारात उभ्या असलेल्या कुबानिचनेही ऐकलं.

मित्रांनो, माझं डोकं तिथून फिरायला सुरुवात झाली. कारण त्यानंतर ती मला स्वतःच्या मयतासाठी भरायला लागली. कफनाचं पांढरं कापड आलं. चाळीस रुमाल आले. मग पेन्शन सुरू झाली, तशा दर महिन्याला सोमच्या, म्हणजे आमच्या चलनाच्या, दोन-चार नोटा एका मोज्यात जायला लागल्या. स्वतःला फाटकी जाकिटं आणि मेल्यावर लोकांना कोरे रुमाल! माझा मान आणखी वाढला. बायका झाकण उघडून बघायच्या. "बाई गं, किती तयारी केलीयस! सुखाने मरशील." आणि ही खूश.

पेन्शनचीही एक गंमत आहे. गंमत कसली, डोंबल. बुरूलकान जन्मली डोंगरावरच्या उन्हाळी कुरणात. बाप तीन वर्षांनी मीठ घ्यायला खाली उतरला, तेव्हा पोरीची नोंद करून आला. कारकुनाने नोंदीचंच वर्ष जन्माचं म्हणून टाकलं. बापाने हरकत घेतली नाही. मीठ मिळालं, तो गेला. कारण आमच्याकडे वय कागदावरून कोण मोजतंय! बारा वर्षांनी जन्माचं वर्ष फिरून येतं, त्याला मूचोल म्हणतात. आईच्या पोटातलं वर्षसुद्धा धरायचं. तेरा, पंचवीस, सदतीस, असं पुढे. सगळ्या गावाला बुरूलकानचं खरं वय पाठ होतं. सरकारला तेवढं नव्हतं. बरोबरीच्या बायका पेन्शन घेऊन घरी बसल्या आणि ही शाळेच्या वसतिगृहात आणखी तीन वर्षं पोरांचा रस्सा ढवळत राहिली. तरी एका शब्दाने बोलली नाही. "जाऊ दे, पोरं गोड आहेत," म्हणायची.

घर आता सागिनचं होतं. धाकट्याने आईबापाला सांभाळायचं, ही रीत. त्याची बायको गुलझात. कुबानिच शहरात, बिश्केकला.

मग त्र्याहत्तरावं मूचोल आलं. हे वर्ष धोक्याचं मानतात, दानधर्म करतात. पोरांनी घोडा कापला, बोरसोकचा, कणकेच्या फुगीर तुकड्यांचा, ढीग तळला. पन्नास माणसं जमली. बुरूलकान स्वतः चहा ओतायला बसली. आणि पहिलीच धार कपाच्या डावीकडे, थेट जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर.

"आजी, कापडाला पाजताय काय चहा?" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

एक हसली नाही. शेजारची अनारकान, निवृत्त नर्स. ती डावीकडून वाकली.

"बुरूलकान, माझी बोटं किती?"

"तुझी बोटं मोजायला मी काय तुझी सासू आहे?"

"सांग तर."

"दोन. झालं समाधान?"

चार होती.

गुलझात तिला नारिनला घेऊन गेली. परत आल्यावर माझ्याच समोर बसून तिने सागिनला सगळं सांगितलं. "मोतीबिंदू नाही म्हणे, काचबिंदू. दोन्ही डोळ्यांतला दाब वाढलाय, डाव्यात जास्त. जे गेलं ते गेलं, परत येत नाही. उरलंय ते वाचवायचं तर लवकर बिश्केकला ऑपरेशन करा म्हणतात."

"मग करू. विमा आहे की."

"पेन्शनवाल्यांना स्वतःचा वाटा भरावा लागतो. सत्तर पूर्ण असतील तर माफ. अपाला पासपोर्टवर एकोणसत्तर." अपा म्हणजे आई. सून सासूलाही तेच म्हणते. गुलझात हसायला लागली, पण ते हसू बरं नव्हतं. "अपाने खिडकीत डोकं घातलं. म्हणाली, 'अगं पोरी, परवा माझं त्र्याहत्तरावं झालं, अख्ख्या गावाने घोडा खाल्ला!' तर आतली बाई काय म्हणते, 'घोड्याची पावती आहे का, आजी?'"

सागिन हसला. बुरूलकानही हसली, डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसत. मला मात्र त्या खिडकीवर जाऊन आदळावंसं वाटलं. काम करायला ती लहान होती, म्हणून तीन वर्षं जास्त राबवलीत. आता उपचारालाही लहानच?

वय दुरुस्त करायला कोर्ट, आणि कोर्टाला साक्षीदार. "मला जन्मताना ज्यांनी पाहिलं," बुरूलकान म्हणाली, "ते सगळे टेकडीवरच्या कबरींत झोपलेत. उठवता का त्यांना?"

कुबानिच आला. सगळे बसले. शहरातल्या घराचे हप्ते, दोन पोरांची शाळा, त्याने सगळं सांगितलं. खोटं बोलत नव्हता. सागिनकडे सहा गाई, त्यातल्या दोन आजारी. तेवढ्यात गुलझातने चहा ठेवता ठेवता मान खाली घालूनच म्हटलं, "पैसे तर इथेच आहेत." आणि माझ्याकडे बघितलं.

मित्रांनो, मला वाटलं, आता उघडतील. सुटलो.

"त्याला हात लावायचा नाही," कुबानिच म्हणाला. "बाबांच्या वेळी ती बाई काय म्हणाली ते तुम्ही ऐकलं नाही. मी ऐकलंय. अपाच्या वेळी पुन्हा कुणी तसं म्हणालं, तर मी गावात तोंड दाखवणार नाही."

"अपाला दिसत नाहीये," गुलझात म्हणाली.

"दहा महिन्यांनी कागदावर सत्तर होतील. मग फुकटात होईल. दहाच महिने."

आणि बुरूलकान? तिनेही त्याचीच बाजू घेतली. "बरोबर बोलतोय तो. मला एक डोळा पुरे. चेहरेच तर बघायचेत, ते पाठ आहेत मला."

मला ओरडायचं होतं. दहा महिने डोळा थांबतो होय? डॉक्टर काय बोलले, ऐकलं नाही का कुणी? माझ्या पोटात एका ऑपरेशनचे पैसे पडून आणि माझ्यासमोर ती चाचपडत बसलेली. मला लाज वाटली. ज्या गोष्टीसाठी बायका मला नावाजायच्या, तीच आता पोटात टोचत होती.

दुसऱ्या दिवशी कुबानिच बाजारातून कुलूप घेऊन आला. माझ्या कोयंड्यात अडकवलं, किल्ली दोरीत ओवून आईच्या गळ्यात घातली. गुलझात बघत होती. तिने एक कप पुसला, मग तोच परत पुसला.

सुरुवातीला मी त्या कुलपाशी बोललो नाही. मग तोच म्हणाला, "मला लावलं, मी लागलो. मला का शिव्या देतोस?" खरं होतं. तोही माझ्यासारखाच. ज्याने हात फिरवला त्याचं ऐकणारा. हळूहळू दोस्ती झाली. त्याच्यासमोर बुरूलकानचा चेहरा अगदी जवळ यायचा, किल्लीचं भोक शोधताना. "आज चार वेळा चुकली," तो सांगायचा. "आज सात." लोकरीच्या नमद्यावर शिवण घालताना तिची सुई बोटात जायची. दाराच्या चौकटीवर कपाळ आपटायचं, डावं. ती म्हणायची, "चौकट सरकली की काय!" नातवंडं हसायची. हिवाळा सरेपर्यंत तिचा डावा डोळा पूर्ण गेला. कुणालाच बोलली नाही. आम्हा दोघांना माहीत होतं.

वसंतात अनारकानच्या नातीला बाळ झालं. दुपारी ती पोरगी बाळाला दाखवायला घेऊन आली. बुरूलकानला कोण आनंद! "थांब, पाळण्याला लाल कापड देते," म्हणाली. गळ्यातली किल्ली काढली, माझ्या आत हात घातला, गडबडीत एक घडी उचलली आणि बाळाच्या अंगावर पांघरली.

पांढरी होती. कफनाची.

ती पोरगी पांढरीफटक पडली. बाळाला उराशी ओढून म्हणाली, "आजी, हे... हे तर..." गुलझातने झडप घालून ते कापड काढलं. बुरूलकानने विचारलं, "काय झालं? लाल आवडत नाही का तिला?"

गुलझातने सांगितलं.

बुरूलकान माझ्यावर हात टेकून खाली बसली. उजवा डोळा कापडाजवळ नेऊन बघितलं. बराच वेळ. मग बाळाच्या दिशेने म्हणाली, "माफ कर रे राजा." एवढंच.

आणि गुलझातने फोन लावला. मित्रांनो, आमच्याकडे सून मोठ्या दिराचं नाव मरेपर्यंत तोंडातून काढत नाही. तिने काढलं. ओरडून काढलं. "कुबानिच! तुझ्या आईने तान्ह्या बाळाला कफन पांघरलं. तिला पांढरं-लाल दिसत नाही. मी पेटारा उघडतेय. यायचं असेल तर दवाखान्यात ये!"

पलीकडून तो काहीतरी ओरडला. तिने नाव घेतलं त्यावरून असावं.

"नाव मोठ्याने घे गं," बुरूलकान म्हणाली. "लहानपणापासून त्याला ऐकायला कमी येतं." मग तिने फोन मागून घेतला. "ऐक रे. मयताला किती माणसं आली ते मला दिसणार नाहीच. जिवंतपणी येतात ती तरी दिसू देत. आणि कुणी 'एवढंच?' म्हणालंच, तर तिला सांग, बाकीचं म्हातारीने बघण्यात उडवलं."

त्याच दिवशी मोजा रिकामा झाला. रुमालही विकले, अनारकाननेच दहा घेतले. कुबानिच दवाखान्यात आला होता, असं नंतर कळलं. सगळे दिवस बाकावर बसून होता. म्हणे, आईकडे बघायची हिंमत होत नव्हती, म्हणून तिच्या डाव्या बाजूला बसायचा.

उजवा डोळा वाचला. अख्खा नाही, पण वाचला. समोरचा माणूस दिसतो, कप दिसतो. डावा गेला तो गेलाच. तो कागदाने खाल्ला, लाजेने खाल्ला आणि तेवढे महिने पैसे धरून बसलेल्या मी खाल्ला. मला कुणी माफ करू नका. पण तुमच्या घरातही कुणी म्हातारं माणूस असेल. त्याच्या जन्मतारखेचा कागद आजच बघा. खरा आहे का, विचारा. आणि त्याच्या मरणासाठी काही साठवून ठेवलं असेल, तर ते त्याच्यासमोर उघडा आणि विचारा, तुला आत्ता काय दुखतंय?

आता माझ्यावर गोधड्यांऐवजी थेंबांची बाटली असते. डोळ्यातला दाब आवरायला रोज घालावे लागतात, जन्मभर. ते विम्यात बसत नाहीत. बाटली महिन्याला संपते, पेन्शनमधून नवी येते.

परवा कुबानिच आला. आईला भेटला, माझं झाकण उघडलं आणि आत एक कोरा रुमाल ठेवला. मग दुसरा. म्हणाला, "हळूहळू परत भरू, अपा. लोकांपुढे..." गुलझात उंबऱ्यात येऊन उभी होती. तो इकडेतिकडे बघायला लागला. कुलूप शोधत होता.

कुलूप खिळ्याला टांगलेलं आहे. त्याने मला घाबरत विचारलं, "मला पुन्हा लावतील काय रे? लावलं तर मी लागणारच. मला दुसरं येत नाही."

मी म्हटलं, "घाबरू नकोस. रुमाल राहू देत, पोराचं मन आहे. पण त्या थेंबांचे पैसे ज्या दिवशी माझ्या आत पडतील आणि तुला माझ्यावर लावतील ना, त्या दिवशी मी माझा कोयंडा सोडून देईन. जुनं लाकूड आहे, दोन खिळे आधीच हलतायत. तू बंदच राहा, तुझी काही चूक होणार नाही. मी उघडा पडेन. शब्द देतो."