राहिलेलं शिडीचं गणित

या, असे जरा सरकून जवळ बसा. आज एका गणिताच्या सरांची गोष्ट सांगतो. लहान आहे, पण मन लावून ऐकावी लागेल.

परीक्षा उद्यावर आली, तरी सरांनी शिडीचं गणित शिकवलंच नव्हतं. हलणाऱ्या वस्तूंच्या वेगांचा धडा. फुगणारा फुगा झाला, एकमेकींपासून दूर जाणाऱ्या गाड्या झाल्या, शिडी तेवढी राहिली. कारण पहिल्या बाकावर रंगाऱ्याची मुलगी बसायची, आणि रंगारी मागच्याच वर्षी शिडीवरून पडून वारला होता. सरांच्या बायकोने विचारलं होतं, ती पोर पेपरात काय तुमची दया लिहिणार आहे? सरांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला.

शेवटी मुलगीच वर्ग सुटल्यावर थांबली. म्हणाली, शिडीचं राहिलंय सर, आणि दरवर्षी तेच येतं.

सरांनी फळ्यावर भिंत काढली, तिला पाच मीटरची शिडी टेकवली. पायथा भिंतीपासून तीन मीटरवर आहे आणि सेकंदाला एक मीटर बाहेर सरकतोय; वरचं टोक चार मीटर उंचीवर आहे, ते त्या क्षणी किती वेगाने खाली येतंय? मुलीने खडू घेतला आणि उंचीच्या जागी आधीच चार मांडून टाकले. स्थिर आकड्याला वेग कुठला? उत्तर आलं शून्य.

“आधीच आकडा घातलास, बाळ,” सर म्हणाले. “शिडी तिथेच थिजली.”

“माहितीये मला.” ती फळ्याकडेच बघत होती. “थिजू दे ना, सर.”

सरांचा हात डस्टरकडे गेला आणि परत आला. पुसायचं तर ते तिनेच पुसायला हवं. ते म्हणाले, “मलाही ती शिडी थांबवावीशी वाटली गं. म्हणून तर टाळत आलो. पण ती घसरलीय, बाळ.”

मुलीने तळहातानेच शून्य पुसलं. पायथ्याचं अंतर आणि टोकाची उंची, दोन्ही हलती ठेवून अवकलन केलं, म्हणजे त्यांच्या बदलण्याचा वेग काढला. आकडे मागून घातले. सेकंदाला पाऊण मीटर. त्याच्या अलीकडे, खाली येणाऱ्याची खूण म्हणून, तिने उणे चिन्ह काढलं. सरळ, ठसठशीत.

“बरोबर,” सर म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

परमेश्वर त्या लेकराचं भलं करो. तुम्ही, मायबाप, एवढंच करा: कधी रंगवलेल्या भिंतीला पाठ टेकून निवांत बसाल, तेव्हा तिच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत ज्याचा हात पोचला होता, त्याची आठवण काढा.