रेडा, बगळा आणि ताडावरची हाक

नवसीचं पत्र येऊन दोन दिवाळ्या उलटल्या, तरी रामनाथने उत्तर दिलं नव्हतं. पोरीने सरळच विचारलं होतं: पाड्यावरच्या शाळेला माझ्या बाबाचं, चिंधूचं नाव द्यायचं चाललंय. पण लोक म्हणतात, लढाईत तो ताडावर चढून ओरडला म्हणून त्याचीच माणसं मेली. तुम्ही तिथे होता. हे खरं का?

रामनाथ तिथे होता. एकाहत्तरच्या डिसेंबरात, पूर्वेच्या सरहद्दीपलीकडे, पाठीवर वायरलेस घेऊन तो ब्रिगेडियरसाहेबांच्या मागे धावत असे. पुस्तकं वाचून उर्दू कळायची, म्हणून शत्रूचं बोलणं ऐकायचं कामही त्याच्याकडेच. दोन्ही सेनापती त्याच्या कानात होते. आपले साहेब शिव्या घालत, पिस्तूल उगारून सगळ्यांच्या पुढे. पलीकडचा ब्रिगेडियर कधी आवाज चढवत नसे. "अभी नहीं," एवढंच. माणसं टप्प्यात आली की मग कापून काढायचा. आदल्या गावात तळ्याकाठी त्याने एक अख्खी प्लाटून अशीच निजवली होती. साहेब दुसऱ्या सकाळी पुन्हा पुढेच.

त्याच्याच तुकडीतला जवान चिंधू वाणगावकडचा, ताडी काढत वाढलेला. दोघांना नावं त्यानेच ठेवली. "आपला रेडा, त्यांचा बगळा," तो म्हणायचा. "रेडा तळं दिसलं का घुसला. बगळ्याला घाई नाय. आन आपुन मासे, रामनाथदादा."

निवृत्तीनंतर बोईसरच्या घरात रामनाथने त्या दोघांवर लिहायला घेतलं. रेड्यामागे माणसं हसत मरायला जात. बगळ्याची माणसं मुळात कमी मरत. मग थोर कोण? लिहिलेलं तो खोडत राही. आपण साधे सिग्नलवाले, सेनापतींना जोखणारे कोण?

"तुमी सेनापतींची परीक्षा घेत बसा," सुके बोंबील निवडता निवडता त्याची बायको जयवंती म्हणाली. "पोरीनं बापाचं इचारलंय. त्याला काय पुस्तक लागतंय?"

"तो मुद्दाम ओरडला की सवयीने, हेच मला ठाऊक नाही."

"मग ठाऊक नाय असं लिवा. बाकीचं तर ठाऊक हाय ना?"

बाकीचं ठाऊक होतं.

भात कापलेलं शेत, पलीकडे नदीचा बांध. बांध गप्प होता. "पळाले साले," साहेब म्हणाले, तरी खात्रीसाठी त्यांनी चिंधूला ताडावर चढवलं. पायात दोराचा फास घालून तो सरसर वर गेला. तेवढाही धीर न धरता साहेबांनी पुढची प्लाटून शेतात सोडली. बाकीच्या दोन कंपन्या केळीच्या बागेतून निघायच्या बेतात होत्या.

चिंधूच्या पाड्यावर ताडावर चढणारा वर पोचला की हाक देतो. वरून सगळ्यांची अंगणं दिसतात, कुडाआड बाया अंघोळ करत असतात. हाक न देणाऱ्याला मार पडतो.

"झाडावर हाय होऽऽ," वरून चिंधूची हाक आली.

बांधामागे कुणाचं तरी बोट दचकलं. एक गोळी सुटली, आणि तिच्यामागे साऱ्या मशीनगन. चिंधूचा जबडा उडाला. पाय फासात अडकून तो उलटा लोंबकळला, रक्त खोडावरून ओघळत खाली आलं. शेतातली प्लाटून जागच्या जागी कापली गेली. एक जण आतडी हातात धरून बागेकडे रांगत होता, तो अर्ध्यातच थांबला. आणि रामनाथच्या कानात बगळा पहिल्यांदाच ओरडत होता, "किसने फायर किया? बंद करो!"

आता प्रत्येक बंदूक कुठे आहे ते दिसलं होतं. साहेब बाजूने धावले, मागे दोन्ही कंपन्या. बांधावर संगिनी चालल्या. एकाची बरगड्यांत रुतली, ती त्याने छातीवर पाय देऊन उपसली. साहेब बंकरच्या तोंडाशी पोटात गोळी घेऊन कोसळले आणि शिव्या देत देतच गेले. आत बगळा पडला होता. ग्रेनेडने पाय नेले होते, मुठीत रिसीव्हर तसाच होता.

"पेड़ पर कौन था?" त्याने हळू आवाजात विचारलं.

रामनाथला उत्तर सुचेना. ते सुचेपर्यंत ऐकणारा उरला नाही.

आज बोंबील निवडून व्हायच्या आत त्याने लिहून टाकलं:

"नवसी, तुझे वडील ओरडले, हे खरं. मुद्दाम की सवयीने, मला माहीत नाही. मला वाटतं, सवयीने. शेतात शिरलेली माणसं त्या हाकेशिवायही मेली असती. त्यांना तिथे आमच्या साहेबांनी धाडलं होतं. आम्ही बाकीचे शेतात उतरायच्या आत बंदुका वाजल्या, म्हणून जगलो. समोरच्या सेनापतीने मरताना तुझ्या वडिलांचं नाव विचारलं होतं. मी सांगितलं नाही. शाळेसाठी कुणापुढे सांगायचं असेल तर मी येईन."

'मला वाटतं' हे शब्द खोडावेत की काय, असं त्याच्या मनात आलं. मग त्याने पाकीट चिकटवलं, चपला घातल्या आणि कारखान्याच्या बसमधून उतरणाऱ्या कामगारांतून वाट काढत स्टेशनजवळच्या टपालपेटीत ते टाकलं.