खांबाने मारलं नव्हतं

तारकर्लीला दाजी केळुसकरांच्या पडवीत चार खांब आहेत. तीन सरळ, रंग दिलेले. चौथा जरा तिरका उभा आणि माणसांच्या कमरेपर्यंत घासून गुळगुळीत झालेला, तो मी. मित्रांनो, मी जुना आहे, आणि जुन्यांना थोडं वाढवून सांगायची खोड असते, एवढं समजून घ्या.

माझा जन्म वालावलच्या खाडीकाठचा. मी उंडीचं झाड होतो. इतका उंच, की ढग माझ्या शेंड्यात अडकायचे आणि कपडे वाळेनात म्हणून बायका मला शिव्या घालायच्या. पुढे सुतारांनी तासून माझी गलबताची डोलकाठी केली. एकदा भर समुद्रात वारा पडला. गलबत हाकणारा तांडेल हात जोडून बसला. शेवटी मीच शिडात फुंकर मारली आणि गलबत मालवणच्या बंदराला आणून लावलं. वाटेत एका देवमाशाची पाठ खाजत होती, तीही खाजवून दिली. मग मशीनच्या बोटी आल्या, गलबत मोडीत निघालं, आणि दाजींच्या वडिलांनी मला कापून या पडवीत उभं केलं.

इथे मला कामं दोन. छप्पर धरायचं आणि मार खायचा. या घरात पोर कुठेही आपटो, दाराला, भिंतीला, माडाला, ते रडत आलं की त्याला माझ्यापाशी उभं करतात. दाजी काठी उचलतात.

"कोणी मारल्यान माझ्या चेडवाक? ह्या खांबान? थांब, ह्याची हाडा मोडतंय!"

ठाण, ठाण! पोर रडता रडता हसतं. मग टेंगळावर पितळी वाटी दाबायची, जिभेवर साखर ठेवायची, झालं. तीन पिढ्यांची टेंगळं माझ्या नावावर आहेत. मला कधी वाईट वाटलं नाही. छप्पर धरल्याबद्दल कुणी विचारत नाही. मार खाण्यात निदान पोरं हसतात.

यंदा आंगणेवाडीच्या जत्रेला चार दिवस राहिले होते. दाजींची नात रिया, वय वर्षं सहा, जत्रेतल्या मोठ्या पाळण्याशिवाय दुसरं बोलत नव्हती. घरामागे पाण्याची सिमेंटची टाकी आहे, तिला लोखंडी शिडी आहे. रियाची आई शर्मिला पर्यटकांना दोन खोल्या देते, जेवण करते; तिचं लक्ष दहा ठिकाणी. तिने सकाळीच बजावलं होतं, "टाकीर चढलंस तर जत्रेक न्हेवचंय नाय. समाजला?"

दुपारी शर्मिला पाहुण्यांसाठी सुरमई तळत होती. रिया घरामागून आली. एक हात डोक्यावर, तोंड पांढरं, आणि रडणं नाही.

"काय झाला गो?" दाजींनी विचारलं.

तिने इकडेतिकडे बघितलं. मग माझ्याकडे बोट केलं. "खांबान मारल्यान."

मित्रांनो, ती सकाळपासून माझ्या चार हातांच्या आतसुद्धा आली नव्हती! पण ढग अडवणारा, देवमाशाची पाठ खाजवणारा मी, मला एक शब्द काढता येईना. दाजींनी मला बडवलं. रिया हसली नाही. वाटी झाली, साखर झाली. शर्मिला दारातून डोकावली. "परत खांब? ह्या चेडवाक डोळे आसत काय नाय?" आणि तव्याकडे वळली.

थोड्या वेळाने रिया ओकली. "साखर बाधली असतली," म्हणत दाजींनी तिला बाकावर निजवलं. तिचे डोळे लगेच मिटले.

तेवढ्यात दाजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन सुगंधा आली. ती गावची आशा सेविका. तिने रियाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि थांबली.

"दाजी, टेंगूळ मागे आसा."

"मगे काय झाला?"

"खांब हलता काय? चेडू चलत जावन आपटला तर कपाळाक लागतला. मागसून कसा लागला?"

दाजींनी काठी कोपऱ्यात ठेवली.

सुगंधाने वाटी काढून घेतली. फडक्यात बर्फ गुंडाळून टेंगळावर अलगद ठेवला. चोळलं नाही, दाबलं नाही. रियाला हाक मारून उठवलं. पोर उठलं, पण स्वतःचं नाव सांगायलाही वेळ लागला.

"रिया, खंयसून पडलंस गो? तुका कोण वरडूचो नाय."

रियाने आईकडे बघितलं. शर्मिला झारा हातात घेऊनच बाहेर आली होती.

"जत्रेक न्हेतंय गो बाय," ती म्हणाली. तिने झारा खाली ठेवला. "सांग."

"टाकीवरसून."

आणि ती पुन्हा ओकली.

"जितेंद्राची रिक्षा बोलाव," सुगंधा म्हणाली. "उंचावरसून पडला, दोनदा ओकला, झोपेत जाता. आता घराक थांबूचा नाय." तव्यावरची सुरमई करपली. दाजींनी गॅस बंद केला, आणि शर्मिला नि सुगंधा पोरीला घेऊन रिक्षात बसल्या.

डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. रक्तस्राव नव्हता, पण मेंदूला हिसका बसला होता. दोन दिवस ठेवून घेतलं, मग आठवडाभर धावायचं नाही म्हणून सांगितलं. जत्रा चुकली. रिया रडली, अगदी खणखणीत रडली, आणि ते ऐकून घरातली माणसं इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

रिया घरी आल्यावर सुगंधा येऊन जे सांगून गेली ते मी पाठ केलंय. साधं टेंगूळ असेल, पोर खेळत-बोलत असेल, तर गार फडकं पुरे. पण दोन दिवस लक्ष ठेवायचं. झोपलं तरी मधे उठवून बघायचं. पुन्हा पुन्हा ओकलं, उठवून उठेना, असंबद्ध बोललं, झटका आला, नाकाकानातून पाणी किंवा रक्त आलं, डोकेदुखी वाढत गेली, तर सरळ दवाखाना. आणि उंचावरून पडलं असेल, तर यातलं काही व्हायची वाटसुद्धा बघायची नाही.

परवा रियाचा तीन वर्षांचा मामेभाऊ कौस्तुभ आला होता. धावत आला आणि कपाळ धरून त्याने भोकाड पसरलं. दाजींची काठी सवयीने वर गेली. रियाने ती धरली.

"दाजी, आधी तेका इचारा."

दाजी खाली बसले. "खंय लागला रे? दाखय बघू."

मित्रांनो, परवा मात्र खरोखर मीच मारलं होतं, आणि मला कुणी हात लावला नाही! तेव्हा मला बडवायची हौस असेल तर खुशाल बडवा, उंडीचं लाकूड आहे. पण आधी पोराला विचारा, आणि विचारताना काठी खाली ठेवा.